चार फूट आरपार

फेब्रुवारीत दोंडाईच्याची माणसं बोलता बोलता शिंकतात.
यार्डातली मिरची हवेत असते,
आणि निंबा मिस्तरींच्या शेडला चौथी भिंत नाही.

चौधरींची नात पुण्याहून फोनवर बोलली:
आजोबांच्या घाण्याची लाट गोठ्यात पडून आहे,
तिचा एक उभा दिवा करून द्या.
वायर मधून गेली पाहिजे, दिसता कामा नये.

मधून. चार फूट. अंजनाच्या लाकडातून.
फोन ठेवून मिस्तरी बराच वेळ दाढी खाजवत राहिले.

मी आयटीआयची टर्नर, लोखंड शिकून आलेली.
लोखंडाला लहानपण नसतं.
लाकडाला असतं. कुठल्या साली पाणी पडलं नाही,
कुठं फांदी फुटू पाहत होती आणि राहून गेली,
सगळं आत तसंच धरून ठेवलेलं.
गिरमिट तिथं पोचलं की अंग चोरून बाजूला सरतं,
मारका बैल दिसल्यावर आपण सरतो तसं.
तोंडाशी केसभर चुकलं
तर दोन फुटांवर बोटभर.

मी गिरमिटच फिरवायला निघाले होते.
"त्याले नको. लाकूडले फिरू दे," मिस्तरी म्हणाले,
"तू ऱ्हाय उभी."

लेथ सुरू झाली. लाट गरगरू लागली.
आणि हळूहळू माझ्या मनगटाला कळलं,
की एवढ्या गरगरण्याच्या पोटात
सुईच्या टोकाएवढी एक जागा आहे, ती फिरत नाही.
गिरमिट आपणहून तिच्याकडे जातं,
आपण शहाणपणा केला नाही तर.

इंचभर आत. बाहेर. भुसा झाड.
इंचभर आत. बाहेर. झाड.
फुटानंतर अर्धाच इंच.
भुसा तुंबला की पातं आत धरलं जातं,
आणि मोडलं तर मोडलं,
लाट फाडल्याशिवाय परत मिळत नाही.

दीड फुटावर धूर आला.
धुराला तिळाचा वास.
घाणा बंद होऊन माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली,
बैलाचं नाव आता कुणाला आठवत नाही,
आणि तेल अजून आत बसलेलं, तापायची वाट बघत.
मिस्तरींनी बटण बंद केलं. कुणीच बोललं नाही.
समोरचा पानवाला अय्युब तेवढा येऊन विचारून गेला,
भजी कोण तळतंय?

दोन फुटांवर आम्ही लाट उलटी लावली.
"आते तू," म्हणाले, आणि दोन्ही हात बगलेत घेऊन
स्टुलावर बसले.
त्यांचे हात का थरथरतात ते मी विचारत नाही.

इंचभर आत. बाहेर. झाड.
सहा बोटं उरली आणि मला शिंक आली.

शिंक धरून ठेवता येत नाही.
दांडा मात्र मी सोडला नाही.

मग आवाज बदलला.
भरीव होता तो एकदम पोकळ झाला,
गिरमिट पुढं गेलं, अंधारात पायरी संपावी तसं,
आणि माझ्या हातात जोरच उरला, लाकूड नाही.

मिस्तरींनी लाट उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला.
मग माझ्याकडे दिली.
चार फुटांच्या टोकाला मसुरीएवढं तांबडं काही:
यार्डातली वाळत घातलेली मिरची.
पूर्ण गोल नाही. एका कडेला उंदरानं कुरतडल्यासारखं.

त्यांची वाट आणि माझी वाट
बरोब्बर भेटली नव्हती.
तांदळाच्या दाण्याएवढा उंबरठा राहिला होता मधे.
वायर तिथं एकदा अडते,
जरा मागं घेऊन पिळावी लागते, मग जाते.
"हाई कोनले दिसस?" मिस्तरी म्हणाले.
तरी तारेला पॉलिशपेपर गुंडाळून
मी संध्याकाळपर्यंत तो उंबरठा घासत बसले.
गेला नाही.

भुसा त्यांनी बिस्किटाच्या डब्यात भरला,
नातीला दिव्याबरोबर पाठवू म्हणाले.
मग बिलबुक काढलं.
लाकूड गिऱ्हाइकाचं. कातकाम. पॉलिश.
भोक, नग एक.
रकमेच्या रकान्याशी पेन थांबलं,
थांबूनच राहिलं,
आणि ते शिंकले.